मधाचे पोषण आणि अहिंसेची कसोटी

जैन श्रावकाचारात, म्हणजे गृहस्थाच्या आचरणाचे नियम सांगणाऱ्या शास्त्रात, मद्य आणि मांस यांच्याबरोबर मधही त्याज्य मानला आहे, आणि दिगंबर आचार्य अमृतचंद्र यांनी ‘पुरुषार्थसिद्ध्युपाय’ या ग्रंथात, पोळ्यातून आपोआप गळलेला मध घेतला तरी त्यात आश्रयाला असलेल्या जीवांची हिंसा होते, असे प्रतिपादन केले आहे. आयुर्वेदाने याच मधाला योगवाही, म्हणजे सोबतच्या औषधाचे गुण वाढवणारा, म्हणून मान दिला. पोषणाच्या अंगाने पाहता मधाचा सुमारे ८० टक्के भाग मुख्यतः फ्रुक्टोज व ग्लुकोज या शर्करांचा आणि १७ ते १८ टक्के भाग पाण्याचा असून, जीवनसत्त्वे व खनिजे इतकी अल्प असतात की माणसाला तो अपरिहार्य म्हणता येत नाही. मधमाशीसाठी मात्र तो फुले नसलेल्या दिवसांचा साठा असतो, आणि विचाराचा खरा गाभा येथेच आहे. महाबळेश्वर परिसरातल्यासारख्या, पेट्यांमधल्या मधमाशीपालनात यंत्राने पोळे न मोडता मध काढता येतो, त्यामुळे पोळे पिळताना होणारी हत्या बरीचशी टळते. तरीही अदत्तादानाचा, म्हणजे न दिलेले घेण्याचा, आक्षेप त्याने मिटत नाही.