न सोसणारे कुंकू: द्रव्य, देह आणि प्रतिनिधी

धर्माचाराचा भाग म्हणून जी द्रव्ये माणसाच्या त्वचेला लावली जातात, ती एखाद्याच्या त्वचेला सोसत नसतील तर त्याने आचार पाळावा की देह जपावा, हा प्रश्न वरवर पाहता वैद्यकाचा वाटतो. लेप कोणता, रंग कोणता, पुरळ कशाने उठले, एवढे कळले की तो संपावा अशी अपेक्षा असते. परंतु कपाळावरचे कुंकू, हळदीचा लेप, गोपीचंदनाचा टिळा किंवा बुक्का ही निव्वळ प्रसाधने नसतात. त्यांच्याशी सौभाग्य, दीक्षा, शुचिता आणि देवाशी असलेले नाते यांचे अर्थ जोडलेले असतात. म्हणून एखादा घटक टाळण्याचा निर्णय घेणाऱ्या व्यक्तीला आपण द्रव्य सोडत आहोत की धर्म सोडत आहोत, हेही ठरवावे लागते. त्या निर्णयाला आधार देणारा विचार परंपरेतच आहे का, हे येथे तपासायचे आहे.

या प्रश्नाचे एक ठसठशीत रूप सोलापूर जिल्ह्यात पाहता येते. पुणे-सोलापूर महामार्गावरचे टेंभुर्णी हे माढा तालुक्यातील गाव असून तेथून एक रस्ता करकंबमार्गे पंढरपुरास जातो. पंढरपुराची बाजारपेठ कुंकू, बुक्का, अष्टगंध आणि गोपीचंदन यांसाठी महाराष्ट्रभर ओळखली जाते, आणि दर्शनाहून परतणाऱ्या घरांत या द्रव्यांच्या पुड्या प्रसादासारख्या वाटल्या जातात. ज्या टापूत उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांच्या वर सहज जातो आणि घाम दिवसभर वाहतो, तेथे कपाळावरची पूड एका जागी राहत नाही; ती घामात विरघळून भुवयांपर्यंत उतरते आणि तिच्यातील घटकांचा त्वचेशी येणारा संबंध लांबतो.

त्वचेवर होणारा परिणाम दोन प्रकारचा असतो आणि पुढील विवेचनासाठी हा भेद लक्षात ठेवणे आवश्यक आहे. पहिला प्रकार दाहाचा: द्रव्य तीव्र असेल आणि पुरेसा वेळ लागून राहिले, तर कोणाचीही त्वचा लाल होईल. परंपरागत कुंकू हळदीवर चुना किंवा टाकणखार यांसारख्या अल्कधर्मी पदार्थाची क्रिया करून लाल केले जाते. निरोगी त्वचेचा पृष्ठभाग मात्र किंचित आम्लधर्मी असतो, त्यामुळे अल्क अधिक राहिलेले कुंकू नाजूक कपाळाला झोंबते. दुसरा प्रकार अॅलर्जीचा: येथे शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा एखाद्या विशिष्ट रेणूला ओळखून ठेवते आणि पुढे त्याचा अल्पसा स्पर्शही खाज, पुरळ किंवा काळपट डाग निर्माण करतो. स्वस्त कुंकवात हळदीऐवजी वापरले जाणारे काही अझो रंग, म्हणजे कोळशाच्या डांबरापासून विकसित झालेल्या रसायनकुळातील कृत्रिम रंग, या दुसऱ्या प्रकाराला कारण ठरल्याचे त्वचारोगशास्त्रात नोंदलेले आहे. टिकलीच्या गोंदात आढळणारे पॅरा-टर्शरी-ब्यूटिल फिनॉल हे रसायन त्वचेतील रंगपेशींनाच इजा करते, आणि मग टिकली काढल्यावर तिच्या जागी तिच्याच आकाराचा पांढरा डाग उरतो. भारतीय त्वचारोगतज्ज्ञांनी 1990 पर्यंत या विकाराचे कारण प्रसिद्ध केलेले होते.

अशा वेळी सर्वसाधारणपणे दिला जाणारा सल्ला म्हणजे रासायनिक सोडून शुद्ध आणि नैसर्गिक वापरावे. या सल्ल्यात दोन वेगळ्या कसोट्यांची गल्लत आहे. धार्मिक अर्थाने शुद्ध असणे म्हणजे त्या द्रव्याचा उगम, हाताळणी आणि विनियोग शास्त्राला मान्य असणे. शरीराच्या दृष्टीने निर्धोक असणे म्हणजे विशिष्ट त्वचेवर त्याची अनिष्ट प्रतिक्रिया न उमटणे. हळद पूजेत सर्वथा पवित्र आहे, तरीही तिच्यातील कर्क्युमिनची अॅलर्जी असणारी माणसे असतात. चंदनाच्या तेलातील सुगंधी घटकही काहींना सोसत नाहीत. उलट, पेट्रोलियम जेलीला कोणतेही धार्मिक स्थान नाही, पण बहुतेक संवेदनशील त्वचांना ती चालते. आयुर्वेदाने ही गल्लत केलेली नाही. चरकसंहितेची भूमिका अशी की जगात औषध होऊ शकणार नाही असे द्रव्य नाही, मात्र ते औषध ठरते ते योजनेमुळे, आणि चुकीने योजलेले उत्तम औषधही विषासारखे वागते. त्याच शास्त्रातील सात्म्य ही संकल्पना, म्हणजे एखाद्या व्यक्तीच्या देहाला एखादी गोष्ट मानवणे, द्रव्याचा गुण व्यक्तीपासून तोडून पाहत नाही. तेव्हा नैसर्गिक असणे ही निर्धोकपणाची हमी नाही, हे सांगण्यासाठी परंपरेबाहेर जाण्याचीही गरज पडत नाही.

यावर एक गंभीर आक्षेप घेता येतो. देह नश्वर आहे, व्रतात कष्ट असतातच, आणि थोडी खाज सोसणे हेही तपच, असे कोणी म्हणेल. या आक्षेपामागे उपवास, अनवाणी वारी आणि थंड पाण्याचे स्नान यांचा जिवंत अनुभव असल्यामुळे तो हसण्यावारी नेता येत नाही. परंतु तपाचे कष्ट आणि इजा यांत भगवद्गीतेने स्वतःच रेषा आखली आहे: सतराव्या अध्यायात शास्त्राने न सांगितलेले घोर तप करून शरीराला पीडा देणाऱ्यांची निंदा आहे, आणि अशी पीडा देहात वसणाऱ्या परमात्म्यालाही दिली जाते असे तेथे प्रतिपादन आहे. शिवाय तप हे इच्छाशक्तीने साधण्याचे कर्म आहे, तर अॅलर्जी ही इच्छेच्या कक्षेबाहेरची घटना आहे. ती सहन केल्याने कमी होत नाही, उलट वारंवार संपर्काने अनेकदा वाढते. ज्या कष्टातून संयम वाढत नाही, फक्त व्रण वाढतो, त्याला तप म्हणणे तपाचीच व्याख्या सैल करणे होय.

मग आचार कसा टिकवायचा, याचे सर्वांत काटेकोर उत्तर मीमांसाशास्त्रात मिळते. वेदवाक्यांचा अर्थ लावून कर्माचे नियम ठरवणारे हे दर्शन असून जैमिनीच्या सूत्रांच्या सहाव्या अध्यायातील तिसऱ्या पादात प्रतिनिधीचा, म्हणजे विहित द्रव्याच्या जागी घेतल्या जाणाऱ्या पर्यायी द्रव्याचा, विचार केलेला आहे. यज्ञाला लागणारे व्रीही, म्हणजे भात, मिळाले नाहीत तर नीवार हा रानभात घ्यावा. सोमवल्ली न मिळाल्यास पूतीक घ्यावे. नित्यकर्म, म्हणजे ज्याचा लोप होऊ द्यायचा नाही असे कर्म, काही अंगांत उणीव राहिली तरी यथाशक्ती करावे. काम्य, म्हणजे फलाच्या इच्छेने केलेले कर्म मात्र सर्वांगांनी पूर्ण हवे. प्रतिनिधीलाही मर्यादा आहेत: देवता, अग्नी, मंत्र आणि मुख्य क्रिया यांना प्रतिनिधी नसतो, पर्यायी द्रव्य मूळ द्रव्याशी साम्य असलेले हवे, आणि शास्त्राने निषिद्ध ठरवलेले द्रव्य, उदाहरणार्थ उडीद, कितीही सारखे असले तरी प्रतिनिधी म्हणून चालत नाही.

मीमांसेतील प्रतिनिधी द्रव्याच्या अभावासाठी सांगितला आहे, देहाच्या असमर्थतेसाठी नव्हे, असे येथे म्हणता येईल. मात्र कर्त्याच्या बाजूने पाहिले तर जे द्रव्य लावताच येत नाही ते मिळाले काय आणि न मिळाले काय, परिणाम एकच. आणि कर्त्याची असमर्थता धर्मशास्त्राने वेगळ्या ठिकाणी स्पष्ट स्वीकारली आहे. जलस्नान न सोसणाऱ्या आजारी माणसासाठी स्मृतिग्रंथांनी मंत्रस्नान, भस्मस्नान, मानसस्नान असे प्रकार सांगितले, आणि पाणी अंगाला लागले नाही म्हणून त्याला अशुची ठरवले नाही. या दोन तत्त्वांना एकत्र केले की नियम उभा राहतो: क्रिया आणि देवता तीच राहावी, द्रव्य बदलावे, आणि बदललेले द्रव्य त्या कर्त्याच्या देहाला निषिद्ध नसावे.

या नियमाला आधुनिक ज्ञानाने एक उपनियम जोडावा लागतो. मीमांसेला मूळ आणि प्रतिनिधी यांत साम्य हवे. त्वचाशास्त्र मात्र साम्याचीच भीती दाखवते, कारण एका रेणूची अॅलर्जी असलेल्या देहाला त्याच्याशी रचनेने मिळताजुळता दुसरा रेणूही पुष्कळदा खटकतो. काळ्या मेंदीत मिसळल्या जाणाऱ्या पॅरा-फिनिलिन-डायअमाइनची अॅलर्जी झालेल्या व्यक्तीला केसांचे कलप आणि काही अझो रंगही त्रास देऊ शकतात, ते याच कारणाने. तेव्हा हवे असलेले साम्य दिसण्याचे आणि अर्थाचे असावे, रसायनाचे नसावे. एका ब्रँडचे लाल कुंकू सोडून दुसऱ्या ब्रँडचे लाल कुंकू घेणे हा पुष्कळदा उडदाच्या जागी उडीदच घेण्याचा प्रकार ठरतो.

महाराष्ट्रातील स्त्रियांनी असे पर्याय शास्त्रार्थ न करता पूर्वीच स्वीकारलेले आहेत. कुंकू थेट कपाळावर न लावता आधी मेणाचा थर देऊन त्यावर कोरण्याची पद्धत मुख्यतः ते टिकून राहावे म्हणून होती, तरी त्यामुळे पूड आणि त्वचा यांत एक आड आपोआप येत असे. ग्रामीण भागात कपाळावर गोंदून घेण्याची रीत होती, तीत द्रव्य, रंग आणि पद्धत सर्वच बदलत असूनही खूण तीच मानली जाई. टिकली आली तेव्हा तिच्यात ना हळद होती ना चुना, तरीही तिला सौभाग्यचिन्ह म्हणून मान्यता मिळाली. जो समाज सोयीसाठी प्लास्टिकचा गोल स्वीकारतो, त्याला इजा टाळण्यासाठी केलेला बदल नाकारण्याचे तत्त्वनिष्ठ कारण उरत नाही.

याहून बोलका पुरावा देवाच्या सेवेत आहे. पंढरपुरात गुढीपाडव्यापासून मृग नक्षत्रापर्यंत, म्हणजे कडक उन्हाच्या काळात, विठ्ठल-रुक्मिणीच्या मूर्तींना थंडाव्यासाठी चंदनाची उटी लावली जाते. यात्रेच्या काळातील अखंड दर्शनानंतर प्रक्षाळपूजा होते आणि देवाचा शिणवटा घालवण्याचे उपचार केले जातात. देवाचे अंग तापते, थकते आणि त्याची काळजी ऋतूप्रमाणे बदलावी लागते, ही या सेवेमागची धारणा आहे. दूध-दह्याचे अभिषेक आणि चरणस्पर्श यांनी मूर्तीची झीज होत असल्याचे दिसल्यावर अभिषेकांना मर्यादा घालण्यात आल्या, आणि पुरातत्त्व विभागाच्या तज्ज्ञांकडून मूर्तीवर वज्रलेप, म्हणजे झीज रोखणारा संरक्षक लेप, करून घेण्यात आला. असा लेप जून 2020 मध्येही देण्यात आला. पंचामृत हे पूजेतील अत्यंत प्रतिष्ठित द्रव्य आहे, तरीही ज्याला ते अर्पण करायचे त्याला त्याने अपाय होतो असे कळताच ते आवरते घेतले गेले. मूर्तीच्या पाषाणाबाबत जो विवेक धर्म ठरतो, तो भक्ताच्या जिवंत त्वचेबाबत अधर्म कसा ठरेल?

भक्तिपरंपरा या बाबतीत मीमांसेच्याही पुढे जाते. टेंभुर्णीजवळचे अरण हे संत सावता माळी यांचे गाव आणि समाधिस्थान. तेराव्या शतकातील या संताने मळ्यातील कामातच विठ्ठलाची पूजा पाहिली आणि त्यासाठी पंढरीस जाण्याची अट मानली नाही, अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे. मीमांसा क्रियेला प्रतिनिधी देत नाही. सावता महाराजांच्या भूमिकेत क्रियाही बदलते, फक्त देवता आणि भाव स्थिर राहतात. दोन्ही मते एकच नाहीत, हे मान्य करायला हवे. कर्मनिष्ठ व्यक्तीला टिळ्याची जागा आणि आकार राखून द्रव्य बदलण्यात समाधान वाटेल. भक्तिनिष्ठ व्यक्ती कपाळ रिकामे ठेवूनही आपली निष्ठा उणी मानणार नाही. न सोसणारे द्रव्य लावलेच पाहिजे, असा निष्कर्ष मात्र यांपैकी कोणत्याही मतातून निघत नाही.

व्यवहारात निवड करताना हा विचार काही साध्या नियमांत उतरतो. सुगंध आणि गडद रंग हे दोन घटक अॅलर्जीची नेहमीची कारणे असल्याने कमी घटकांचे, गंधरहित उत्पादन प्रथम पाहावे. 'सुगंधरहित' म्हणून विकल्या जाणाऱ्या वस्तूत मूळ वास झाकणारा घटक असू शकतो, म्हणून वेष्टनावरील शब्दापेक्षा घटकांची यादी वाचावी. नवे द्रव्य कपाळाला लावण्यापूर्वी कोपराच्या आतल्या बाजूला आठवडाभर रोज लावून पाहावे; अॅलर्जीची प्रतिक्रिया उशिरा उमटते, त्यामुळे एका दिवसाची परीक्षा पुरत नाही. डाग पडला असल्यास त्वचारोगतज्ज्ञाकडून पॅच टेस्ट, म्हणजे संशयित घटक पाठीवर बांधून केली जाणारी चाचणी, करून नेमका दोषी रेणू शोधावा, म्हणजे सगळेच सोडण्याची वेळ येत नाही.

तथापि निवडीचा सारा भार लावणाऱ्या व्यक्तीवरच टाकणे न्याय्य नाही. भारतात प्रसाधनांना रंग देण्यासाठी शिसे आणि आर्सेनिक यांची संयुगे वापरण्यास कायद्याने बंदी आहे, आणि 2020 च्या प्रसाधन नियमांनुसार वेष्टनावर घटक छापावे लागतात. परंतु देवस्थानांच्या बाजारात सुट्या विकल्या जाणाऱ्या पुडीवर कोणतीच यादी नसते, आणि ती घेणारा तिला प्रसाधन समजत नाही, प्रसाद समजतो. प्रसादावर माणूस शंका घेत नाही, म्हणूनच तो बनवणाऱ्याची, विकणाऱ्याची आणि वाटणाऱ्याची जबाबदारी अधिक असते. हळदीकुंकवाला आलेल्या स्त्रीच्या कपाळाला किंवा दर्शनबारीतील अनोळखी वारकऱ्याला गंध लावण्यापूर्वी "सोसते ना?" असे विचारणे हा शिष्टाचाराचा नव्हे, अहिंसेचा भाग आहे, आणि नकार आला तर तो देवाचा अव्हेर न मानता हात मागे घेणे, हे लावणाऱ्याचे धर्मकर्तव्य आहे. द्रव्य देवाच्या नावाने दिले जाते, तेव्हा त्याच्या निर्धोकपणाची हमीही त्याच नावाने दिली जात असते, आणि ती पाळण्याचे दायित्व घेणाऱ्याच्या कपाळावर नसून देणाऱ्याच्या हातात आहे.