वाटेंत हवा गेली असतां

शास्त्रपाठ : लूक 10:25-37, योहान 4:5-9



यरुशलेमाहून यरीहोस उतरणाऱ्या वाटेचा दृष्टांत वाचतांना आपण प्रत्येक जण मनांत एक जागा अगोदरच धरून बसतों. ती जागा शोमरोन्याची. याजकास व लेव्यास आपण नांवें ठेवितों, शोमरोन्यास धन्य म्हणतों, आणि आपणहि तसेंच करावें असा बोध घेऊन घरीं जातों. हा बोध खोटा नाहीं. तथापि त्या वाटेवर आणखी एक मनुष्य आहे, आणि त्याच्या जागीं स्वतःस ठेवून पाहण्याची कोणास फारशी इच्छा होत नाहीं. तो म्हणजे पडलेला मनुष्य. आज त्याच्या बाजूनें या दृष्टांताकडे पाहावयाचें आहे. आणि त्यासाठीं आपल्या उपदेशकांच्या रोजच्या अनुभवांतलीच एक गोष्ट घेऊं, ती म्हणजे वाटेंत फटफटीच्या चाकांतील हवा जाणें.

कोणी म्हणेल, इतक्या क्षुल्लक गोष्टीचा शास्त्राशीं काय संबंध? ज्यानें वैशाखाच्या दुपारीं गाडी कोसभर ढकलीत नेली आहे, तो असा प्रश्न विचारणार नाहीं.

यरीहोची वाट मोठी बिकट. सुमारें 27 किलोमीटरांच्या अंतरांत ती सुमारें 1000 मीटर खालीं उतरते. दोहों बाजूंस उजाड डोंगर. सावनेरहून खाप्याकडे येणारी वाट तशी नव्हे. शेतांत कपाशी, कोठें संत्र्याची बाग, पुढें कन्हान नदी; लुटारूंचें भय नाहीं. पण रबराच्या चाकास लुटारू लागत नाहीं. बाभळीचा एक कांटा किंवा मालमोटारीवरून पडलेला एक खिळा पुरतो. पूर्वीं उपदेशक पायीं जात किंवा बंडींत बसून जात, तेव्हां कांटा पायांत मोडे, आणि तो काढून मनुष्य पुढें चालूं लागे. आतां मनुष्य धडधाकट असतो, आणि तरीहि जागच्या जागीं अडकतो. (हवेच्या चाकाची कल्पना दोघां स्कॉच गृहस्थांची : रॉबर्ट विल्यम थॉमसन यांनीं 1845 सालीं तिचा पेटंट घेतला, पण ती मागें पडली, पुढें 1888 सालीं जॉन बॉइड डनलॉप या गुरांच्या डॉक्टरांनीं आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीसाठीं असें चाक केलें, आणि तें जगभर पसरलें.)

आतां समजा, रविवारची सकाळ आहे. एक उपदेशक खाप्याहून दूरच्या एका वाडीस उपासनेसाठीं निघाला आहे. मागें बायको बसली आहे, पिशवींत शास्त्र व गीतांचें पुस्तक आहे. अर्ध्या वाटेंत गाडी डोलूं लागते. मागच्या चाकांतील हवा गेली म्हणजे गाडीची पाठ डावी-उजवी हलते. पुढच्या चाकांतील गेली म्हणजे हातांतील दांडी जड होते. अशा वेळीं घाबरून एकदम ब्रेक दाबूं नये. दांडी दोन्ही हातांनीं सरळ धरावी, वेग आपोआप कमी होऊं द्यावा, आणि ब्रेक लावणें भागच पडलें तर ज्या चाकांत हवा आहे त्याचा, तोहि हळूच लावावा. मग डाव्या कडेस, वळणापासून दूर, जेथें मागून येणारास आपण दिसूं, अशा जागीं थांबावें.

येथें पहिला मोह येतो. वाडी आतां दोनच मैल राहिली, मंडळी वाट पाहत असेल, तसेंच हळूहळू चालवूं. हें करूं नये. हवा नसलेल्या चाकावर वजन आलें कीं ट्यूब लोखंडी रिम व टायर यांच्यामध्यें चिरडते, आणि जेथें एका ठिगळानें भागलें असतें तेथें ट्यूब व कधीं कधीं टायरहि नवा घ्यावा लागतो. गाडी घसरून मागें बसलेलें माणूस पडतें तें निराळेंच. उपासनेच्या घाईनें कोणी आपल्या बायकोचें हाड मोडलें तर ती घाई प्रभूच्या खात्यावर लिहूं नये. ज्या चाकांत ट्यूब नाहीं, त्यांतील खिळा मात्र वाटेंत उपसूं नये. तो छिद्र अडवून धरितो, आणि पंप जवळ असल्यास हवा भरून सावकाश दुकानापर्यंत जातां येतें.

नाहीं तर उतरावें, ओझें उतरवावें, आणि ढकलावयास लागावें. येथें आपला उपदेशक त्या पडलेल्या मनुष्याच्या जागीं येतो. त्याच्या अंगावर जखम नाहीं हें खरें. पण वाटेवरून कोण जातो, कोण थांबतो, हें तो आतां खालून पाहत आहे. जो गेल्या रविवारीं शोमरोन्यावर उपदेश करीत होता, तो आज येणाऱ्या प्रत्येक गाडीच्या आवाजाकडे कान लावून आहे.

याजक व लेवी यांच्या बाजूनें असें सांगण्यांत येतें कीं, त्यांस मंदिरांतील सेवेस जावयाचें होतें, आणि प्रेतास शिवल्यानें विटाळ झाला असता. मला हें पटत नाहीं. प्रभूनें स्पष्ट सांगितलें आहे कीं याजक त्या वाटेनें खालीं उतरत होता. म्हणजे यरुशलेम त्याच्या पाठीमागें होतें. सेवा आटोपून तो परत चालला होता असेंच यावरून दिसतें. मग आपल्याच मंडळींतील कोणी भाऊ उपासनेच्या वाटेवर अडकलेला मनुष्य पाहून मान वळवितो, आणि भक्तीस उशीर होईल म्हणून थांबलों नाहीं असें सांगतो, तेव्हां याजकापेक्षां त्याचें कारण थोडें बरें आहे एवढेंच म्हणतां येईल. थांबण्यास दहा मिनिटें लागतात. पहिलें गीत चुकेल, दुसरें सांपडेल.

पण माझा आजचा मुख्य मुद्दा न थांबणारांविषयीं नाहीं. जो थांबतो तो कोण असतो, याविषयीं आहे. खाप्याच्या वाटेवर बहुधा तो आपल्या मंडळींतील नसतो. तो पाळीवरून परतणारा खाणींतील मजूर असेल, कारण गुमगांवची मँगनीजची खाण त्या बाजूसच आहे. शेताच्या बांधावरून उठून आलेला कुणबी असेल, सुताचा गठ्ठा घेऊन चाललेला कोष्टी असेल, आणि चौकांतल्या टपरींत ज्याच्यापुढें पाण्याचें घमेलें भरलेलें आहे तो पंक्चरवाला पुष्कळदां मुसलमान असतो. दृष्टांत ऐकणाऱ्या यहूद्यांच्या कानांस शोमरोनी हा शब्द कसा लागला असेल, तें येथें समजतें. प्रभूनें पडलेला शोमरोनी व थांबणारा यहूदी असें सांगितलें असतें, तर शास्त्रीबोवांनीं खुशीनें मान डोलविली असती. प्रभूनें तें उलट सांगितलें. ज्याच्या हातचें घेण्यास मन कचरतें, त्याच्या हातानें जखमेंत तेल पडलें.

आणि घेणें सोपें नसतें. आपल्या मंडळ्यांत अशीं पुष्कळ घरें आहेत कीं, ज्यांच्या वाडवडिलांस गांवच्या विहिरीपासून दूर उभें राहावें लागलें. दुसऱ्यानें वरून ओतलेलें पाणी ओंजळींत घ्यावें लागलें. त्यांच्या मुलांस कोणी बांधावरून हांक मारून म्हणतो, “या गुरुजी, पाणी घ्या, उन्हाचं कुठं ढकलत जाता,” तेव्हां कोणाच्या मनांत जुना अपमान जागा होतो, आणि “नको, तहान नाहीं,” असें तोंडांतून निघून जातें. मी त्या मनुष्यास दोष देत नाहीं. परंतु योहानाच्या चौथ्या अध्यायांत आपला प्रभु प्रवासानें थकून भर दुपारीं सूखार गांवाच्या विहिरीवर बसला, आणि शोमरोनी बाईजवळ त्यानें स्वतः होऊन पाणी मागितलें. ती चकित झाली. जिवंत पाण्याविषयींचें भाषण त्यानंतरचें आहे. प्रथम मागणें आहे. जगाच्या तारणाऱ्यास मागण्याची लाज वाटली नाहीं, मग उपदेशकास कां वाटावी?

हा क्रमहि ध्यानांत ठेवावा. आपले कित्येक उत्साही बंधु असे आहेत कीं, कोणी गुडघे टेकून त्यांच्या चाकाचा नट सोडवीत असतां ते पिशवींतून पत्रक काढून वाचावयास लागतात. तेथें तुम्हीं पाना धरावा, बॅटरी दाखवावी, पुढें केलेला चहा प्यावा, आणि त्याच्या मुलाबाळांची चौकशी करावी. बोलणें निघालेंच तर आपली आशा कोणावर आहे तें साधेपणें सांगावें. उपकार करणाऱ्यास शिष्य करूं पाहणें म्हणजे त्याच्या दयेची किंमत त्याच्याच हातीं परत देऊन मोकळें होणें होय.

पंक्चरवाल्यास मात्र त्याची मजुरी पुरी द्यावी. शोमरोन्यानें उतारशाळेच्या रखवालदारास दोन दिनार रोख दिले, आणि अधिक खर्च होईल तो परत येतांना देण्याचें कबूल केलें. एक दिनार म्हणजे मजुराची दिवसाची मजुरी होती, हें मत्तयाच्या विसाव्या अध्यायावरून दिसतें. त्यानें रखवालदाराकडे धर्मकार्य म्हणून सूट मागितली नाहीं. पाळक आहे, कमी घ्या, असें म्हणणाऱ्यांनीं हें वाचावें.

त्या टपरीवर उभें राहून कारागिराचें काम पाहण्यासारखें असतें. तो टायर उचकटून ट्यूब बाहेर ओढतो, तींत हवा भरून पाण्यांत बुडवितो, आणि बुडबुडे निघतील तेथें खूण करितो. ती जागा कानशीनें घासून, सोल्युशन लावून, तें थोडें सुकूं देऊन ठिगळ दाबून बसवितो. अडाणी मनुष्यास वाटतें, काम झालें. पण जाणता कारागीर मग टायरच्या आंतून सर्वत्र बोटें फिरवितो, आणि अतिशय जपून, कारण कांटा बोटांतहि शिरतो. कांटा टायरमध्यें तसाच राहिला तर नवें ठिगळ घेऊन निघालेला मनुष्य थोड्याच वेळांत पुन्हां ढकलीत येतो. ज्यांचा पश्चात्ताप दर वर्षाच्या जागृतिसभेंत ठिगळासारखा बसतो व पावसाळ्यापूर्वींच सुटतो, त्यांनीं आंतून एकदां हात फिरवून पाहावा. दारू, जुनें भांडण, भावाची दाबून ठेविलेली जमीन, कांहींतरी टोंचेल.

कोणी भितो कीं, वाटेंत पडलेल्या मनुष्यास हात लावला तर पोलिसांचा ससेमिरा लागेल. हवा जाऊन गाडी उलटली व मनुष्य जखमी झाला, तर ही भीति पुष्कळांचे पाय मागें ओढते. तिला आतां आधार उरला नाहीं. 2016 सालीं सर्वोच्च न्यायालयानें अशा मदत करणाऱ्यांच्या संरक्षणाचे नियम बंधनकारक केले, आणि 2019 सालच्या दुरुस्तीनें मोटार वाहन कायद्यांत कलम 134 अ घालण्यांत आलें. त्याअन्वयें सद्भावनेनें मदत करणाऱ्यावर दावा लागत नाहीं, आणि आपलें नांव सांगण्याची सक्ति त्याच्यावर करितां येत नाहीं. इंग्रजी कायद्यांत अशा मनुष्यास जें नांव दिलें आहे, तें अक्षरशः चांगला शोमरोनी असेंच आहे. प्रभूच्या दृष्टांतांतील हा परका अशा रीतीनें आपल्या देशाच्या कायद्यांत येऊन बसला आहे.

नांव न सांगणें त्यास शोभतेंहि. दृष्टांतांत त्याचें नांव नाहीं. 1893 सालीं नारायण वामन टिळक नागपुराहून राजनांदगांवास आगगाडीनें जात असतां एका युरोपियन सहप्रवाशानें त्यांच्याशीं प्रेमानें भाषण केलें व नवा करार त्यांच्या हातीं दिला. 10 फेब्रुवारी 1895 रोजीं मुंबईस टिळकांचा बाप्तिस्मा झाला. तो प्रवासी कोण होता, हें टिळकांस कळलें नाहीं.

उलटपक्षीं, आपण कोठें व केव्हां निघालों हें मात्र घरीं व वाडीवर सांगून ठेवावें. ज्या 1845 सालीं थॉमसन यांनीं आपला पेटंट घेतला त्याच सालीं नागपुरास आलेले रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप 4 सप्टेंबर 1863 रोजीं टाकळघाटाजवळ घोड्यावरून परततांना पुरानें फुगलेल्या ओढ्यांत बुडून वारले. वाट ओळखीची असली म्हणून ती निर्धोक होत नाहीं.

आणि आतां वाडीवरील मंडळीस दोन शब्द. उपदेशक वेळेवर आला नाहीं तर जोत्यावर बसून कुरकुरूं नये. वडिलांपैकीं एकानें गीत सुरू करावें, दुसऱ्यानें पाठ वाचावा, आणि दोघां तरुणांनीं त्याच्या वाटेनें सामोरें जावें. तो पोहोंचल्यावर त्याला प्रथम पाणी द्यावें, मग उपदेश मागावा. तोहि लहान असला तर चालेल. प्रार्थनामंदिराच्या कपाटांत दानाच्या पेटीशेजारीं एक हातपंप, एक पाना व ठिगळांचें सामान ठेवावें, आणि तें वाटेवरील सर्वांसाठीं आहे असें गांवांत कळवावें. कोणी पंप मागावयास आला, तर त्याची जात किंवा धर्म विचारूं नये. परत केव्हां आणून देणार, एवढें मात्र अवश्य विचारावें.