भुताला किती तारे?



३१ ऑक्टोबरच्या रात्री आपल्या अमरावती-अकोल्यातली मुलेही मोबाईलवर छोटे भयपट पाहतात आणि त्यांना तारे देतात. जितकी भीती, तितके तारे! मी रागावत नाही. २०१८ चा ‘तुंबाड’ मीही पाहिला. त्यातल्या हस्तरपेक्षा माणसाच्या हावेचीच मला जास्त भीती वाटली. कारण ती माझ्यातही आहे.

हॅलोविन म्हणजे मुळात सर्व संतांच्या सणाची पूर्वसंध्या. म्हणून १ नोव्हेंबरला मिस्सेला या. २ तारखेला आपल्या माणसांच्या कबरीवर मेणबत्ती लावा. ज्यांच्यासाठी आपण प्रार्थना करतो, त्यांची भीती कसली? भीती वाटायचीच तर आपल्या पापाची वाटो. त्यासाठी पापनिवेदनाचे दार उघडे आहे. मीही तिथे गुडघे टेकतो.

प्रभू तुम्हांला आशीर्वाद देवो.

– तुमचे फादर