भिंतीची पाठ

खोटं बोलण्याचा हिशोब महाभारताने केव्हाच चुकता करून टाकला आहे. धर्मराज अश्वत्थाम्याविषयी अर्धवट बोलला आणि जमिनीपासून चार बोटं वर चालणारा त्याचा रथ खाली टेकला. पण खोटं बांधलं तर काय? मयासुराने पाण्यासारखी दिसणारी जमीन केली, जमिनीसारखं दिसणारं पाणी केलं. त्यात दुर्योधन पडला आणि पुढे केवढं रामायण, म्हणजे महाभारत, झालं. पण मयासुराला कुणी नावं ठेवल्याचं ऐकिवात नाही. उलट कारागीर म्हणून त्याचं नाव झालं! मी पडलो वाणिज्य शाखेचा पदवीधर. एकच व्यवहार एकाच्या नावे पडतो आणि दुसऱ्याला जमा होतो, हे पाहिलं की मला रात्री झोप येत नाही.

हा प्रश्न माझ्या गळ्यात पडला तो लोहाऱ्यात. यवतमाळहून दारव्ह्याकडे निघालं की लगेच लागतं ते आमचं लोहारा. इथल्या हौशी मंडळींनी शिवाजी महाराजांवरचं नाटक बसवायला घेतलं. किल्ल्यावाचून महाराज शोभत नाहीत आणि तटावाचून किल्ला शोभत नाही. मी बँकेतला, तेव्हा पैशांचा अंदाज काढायचं काम माझ्याकडे आलं. आणि ज्याने अंदाज काढला त्यानेच तो खरा करून दाखवावा, असा ठराव माझ्या गैरहजेरीत मंजूर झाला.

तयार सेट भाड्याने आणण्याचा आकडा ऐकून आमच्या खजिनदारांनी पाणी मागितलं. थर्माकोल म्हणावं, तर २०१८ सालच्या प्लास्टिकबंदीत सजावटीचं थर्माकोलही गेलं. राहता राहिला बारदाना. सोयाबीन आणि तुरीच्या रिकाम्या पोत्यांना आमच्याकडे तोटा नाही.

कुणाच्या उपयोगी पडेल म्हणून रीत सांगून टाकतो. बांबूच्या चौकटी कराव्यात, पोती उसवून त्यांवर ताणून शिवावीत. मैद्याची खळ शिजवावी. तिच्यात थोडं मोरचूद टाकावं, नाही तर प्रयोगाआधीच तट किड्यांच्या पोटात जातो. या खळीत भिजवलेले वर्तमानपत्रांचे बोळे चिकटवून दगडांची फुगीर पाठ काढावी आणि वरून लाकडाचा भुसा कालवलेल्या खळीचा एक हात द्यावा. (आमच्या तटात महिनाभराची राशिभविष्यं आणि दोन मंत्रिमंडळ विस्तार गाडले गेले आहेत.) वाळलं की सगळीकडे राखी रंग. मग उजेड कुठून येतो ते ठरवून प्रत्येक दगडाची वरची कड फिकट करावी, खालची कड आणि सांधे काळे करावेत. शेवटी कुंचला झटकून शिंतोडे उडवावेत. मात्र उजेडाची दिशा एकदा ठरली की बदलायची नाही. एका दगडावर सकाळ आणि शेजारच्यावर संध्याकाळ झाली, की शेवटच्या रांगेतल्या पोरालाही पोतं दिसतं. खोटेपणालाही शिस्त लागते, ती अशी.

वीस फूट लांब आणि आठ फूट उंच तट हजार-बाराशे रुपयांत उभा राहिला. खजिनदार खूश झाले. तेवढ्यात एक निवृत्त गुरुजी आले, काठीने तटाला टोचून म्हणाले, “गावात कमलेश्वराचं हेमाडपंती देऊळ आहे. दगडावर दगड नुसता बसवलाय, सांध्यात चुना नाही. तसलं देऊळ असलेल्या गावात तुम्ही पोत्याचे दगड करता? आणि तेही महाराजांच्या नावाने? पोरांनी काय शिकायचं यातून?”

प्रश्न बिनतोड होता. ज्या हेमाद्रीपंताच्या नावाने ही बांधणी ओळखली जाते, तो तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या दरबारी मोठा अधिकारी होता. त्याच्या नावापुढे माझी खळ टिकण्यासारखी नव्हती. पण मला आधार सापडला तो त्याच्याहून जुना. भरताच्या नाट्यशास्त्रात ‘पुस्त’ नावाचं एक प्रकरण आहे. रंगभूमीवरचे डोंगर, रथ, विमानं, ढाली कशा कराव्यात, ते त्यात सांगितलं आहे. चटई, कापड, लाख, अभ्रक असल्या हलक्या वस्तूंनी करा, जड केल्यात तर नट दमेल, असा मुनींचा व्यवहारी सल्ला. म्हणजे खुद्द भरतमुनी पोत्याच्या बाजूने!

गुरुजींना मी माझ्या धंद्यातला दाखला दिला. लहानपणी चूर्णाच्या पुडीबरोबर ‘मनोरंजन बँके’ची नोट मिळायची. ती खोटी होती, पण तिने कुणाला बुडवलं नाही, कारण देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला दोघांनाही ठाऊक होतं. तीच नोट कुणी गड्डीच्या मधोमध घालून काउंटरवर सरकवली, की पोलीस येतात. कागद तोच, फरक समोरच्याच्या ठाऊक असण्यात. नाटकाचं तिकीट काढणारा माणूस तीन तास फसवून घ्यायचे पैसे देतो. त्याला नीट फसवलं नाही तर तोच तक्रार करतो. गुरुजी म्हणाले, “हं.” गुरुजींचं ‘हं’ म्हणजे काठावर पास.

माझा धर्मविचार इथेच संपायचा. पण आमचे सुतारकाका एक बादली घेऊन आले. टाकणखार आणि बोरिक अ‍ॅसिड पाण्यात विरघळवून ते पाणी तटाच्या मागून पोत्यांना पाजायचं म्हणाले. पोतं त्याने चटकन पेट घेत नाही. खर्च सव्वातीनशे रुपये. शिवाय पहारेकऱ्याला बुरुजावर चढायचं होतं, तिथे आतून सागवानी खोका हवा, त्याचे वेगळे.

खजिनदारांनी विचारलं, “हे पानी समोरून दिसन का?”

“नाही दिसत.”

“खोका दिसन?”

“तोही नाही दिसत.”

“मंग कायले पाह्यजे? पब्लिक तर समोरून पाह्यते ना!”

काका बिडी विझवून म्हणाले, “भाऊ, समोरच्याईले मालूम आहे का भित खोटी आहे म्हनून. मांगं मावळे झालेली पंधरा पोरं उभी राह्यतीन, त्याईले ते भितच वाटन. ते टेकतीन. त्याईच्या हातात टेंभे देऊन राह्यले तुमी.”

सगळे गप्प झाले. त्या पंधरांत खजिनदारांचा धाकटाही होता.

शिकागोत १९०३ साली इरोक्वा नावाचं नवंकोरं नाटकगृह उघडलं. ‘पूर्णपणे अग्निरोधक’ अशी त्याची जाहिरात होती. पाच-सहा आठवड्यांतच, ३० डिसेंबरला दुपारच्या खेळात दिव्याच्या ठिणगीने पडद्याने पेट घेतला. आगीला अडवणारा म्हणून बसवलेला पडदा अर्ध्यावर अडकला. बाहेरची काही दारं कुलूपबंद होती, आणि काही तर दारासारखी दिसणारी नुसती शोभेची. सहाशेहून अधिक माणसं गेली, त्यांत बायका आणि मुलं फार. रंगमंचावरचं रंगवलेलं कापड त्या दिवशी कुणाशी खोटं बोललं नव्हतं. ते कापड आहे हे सर्वांना माहीत होतं. खोटी होती ती जाहिरात, आणि खोटं होतं प्रेक्षकांच्या बाजूचं दार. रंगमंचावर जे दार शोभा देतं, तेच चार पावलं अलीकडे आलं की जीव घेतं.

तेव्हापासून मी माझ्यापुरता एक नियम केला आहे. भिंत समोरून कितीही खोटी असू द्या, पाठीमागून खरी पाहिजे. जो पाहतो त्याला फसवायला त्याची परवानगी असते. जो टेकतो त्याने ती दिलेली नसते. मयासुराचा घोटाळाही हाच. सभा अद्भुत बांधली, ते ठीक. पण ‘पुढे पाणी आहे’ अशी पाटी लावायला काय झालं होतं? एक पाटी लावली असती तर अठरा अक्षौहिणी सैन्य वाचलं असतं.

याच्या उलट प्रकारही दिसतो. कित्येक गावांत खऱ्या दगडाच्या जुन्या देवळाला हौसेने ऑइलपेंट फासतात, आणि शेकडो वर्षांचा दगड कालच्या सिमेंटसारखा दिसू लागतो. आणि शेजारच्या सिमेंटच्या बंगल्याला दगडी दिसणाऱ्या फरशा! दोघांची अदलाबदल करून दिली तर दोन्हीकडचा खर्च वाचेल, पण सल्ला बँकेतल्या माणसाचा, ऐकतो कोण?

सव्वातीनशे आणि खोक्याचे पैसे खजिनदारांनी मुकाट्याने मोजले. खर्चाच्या वहीत कुठल्या सदराखाली घालू, एवढंच विचारलं. मी म्हटलं, “भिंत. त्यातली खरी.”

हा नियम मी हल्ली काउंटरवरही लावून पाहतो. पासबुकाच्या रांगेतल्या चाळिसाव्या माणसाकडे पाहून मी जे हसतो, ते अस्सल बारदान्याचं असतं. त्यालाही ते ठाऊक असतं, मलाही. त्यात पाप नाही. पण त्याने सरकवलेल्या नोटांची मोजणी मात्र सागवानी हवी. तिच्यावर तो टेकलेला असतो.

हा सिद्धांत मी बायकोला सांगितला. ती म्हणाली, “म्हणजे तुमचं हसू सगळं बँकेत, आणि आम्हाला घरी नुसती भिंतीची पाठ!”

मी म्हटलं, “अगं, पण खरी बाजू तीच.”

“असेल,” ती म्हणाली, “पण तिलाही अधूनमधून रंगाचा एखादा हात द्यायला हरकत नाही.”