चार बोटांचे आयुष्य

मनुष्याचे आयुष्य थोडे आहे, हे सांगायला कवीची गरज नाही. स्मशानातून परतणाऱ्या प्रत्येकाला ते ठाऊक असते, आणि घरी येऊन आंघोळ करीपर्यंत तो ते विसरलेलाही असतो. कवीकडून आपली अपेक्षा याच्या पुढची असते. आयुष्य थोडे आहे, बरे. मग या ज्ञानाचे माणसाने करायचे काय? हा प्रश्न मनात धरून मी गेली काही वर्षे बायबलच्या जुन्या करारातील काव्य वाचीत आलो आहे. मी ख्रिस्ती नाही आणि ज्यूही नाही. माझी हिब्रू भाषा कोशाच्या काठीवाचून चार पावले चालत नाही. परंतु ज्या पुस्तकात हा प्रश्न इतक्या वेळा आणि इतक्या वेगवेगळ्या तोंडांनी विचारला गेला आहे, असे दुसरे पुस्तक माझ्या वाचनात नाही.

आपल्याकडे आयुष्य म्हणजे पाण्यावरचा बुडबुडा किंवा अळवावरचे पाणी. त्या कवींची उपमा गवताची. ती समजायला त्यांचा मुलूख डोळ्यांपुढे आणावा लागतो. पॅलेस्टाइनच्या डोंगराळ भागात पाऊस हिवाळ्यात पडतो. त्या पावसाने टेकड्या हिरव्या होतात, रानफुलांनी भरून जातात. आणि वसंत सरता सरता वाळवंटाकडून कोरडा, तापलेला वारा सुटतो. तो दोन-चार दिवस वाहिला की काल हिरवी असलेली टेकडी करडी होते. १०३व्या स्तोत्राचा कवी हे पाहतो आणि त्यात एक बारीकशी भर घालतो. फुलावरून वारा गेला, फूल गेले. आणि मग ज्या जागी ते उगवले होते ती जागाही त्याला ओळखीनाशी झाली. माणूस जातो याचे दुःख आपण समजू शकतो. पण त्याचे अंगण, त्याचा उंबरठा त्याला विसरतो, ही गोष्ट सहसा कोणी बोलून दाखवीत नाही.

गवताखेरीज आणखीही उपमा आहेत, आणि त्या बहुतेक घरातल्या नि हातातल्या आहेत. ३९व्या स्तोत्रात आयुष्य मोजले आहे ते हाताच्या रुंदीने, म्हणजे चार बोटांनी. यशयाच्या ग्रंथात हिज्कीया राजा मरणातून उठल्यावर गीत रचतो. त्यात मेंढपाळाचा तंबू उपटावा तसा आपला मुक्काम हलवला गेला, आणि विणकराने कापड गुंडाळून मागावरून कापून घ्यावे तसे आपले आयुष्य कापले जात होते, असे तो म्हणतो. ईयोबाला आपले दिवस धोट्याहून चपळ वाटतात. इथे मूळ भाषेत एक खुबी आहे, जी कोणत्याही भाषांतरात उतरत नाही. ‘तिक्वा’ या हिब्रू शब्दाचा अर्थ आशा, आणि तोच शब्द दोरीला, सुतालाही आहे. आशा संपून दिवस संपले, असे ईयोब म्हणतो तेव्हा धोट्यातले सूत संपल्याचाही आवाज त्यात ऐकू येतो. ज्याने हातमाग चालताना पाहिला आहे त्याला याहून अधिक काही सांगावे लागणार नाही.

असाच दुसरा शब्द ‘हेवेल’. त्याचा अर्थ वाफ, थंडीत तोंडावाटे दिसणारा आणि दिसता दिसता विरणारा श्वास. ‘उपदेशक’ या छोट्याशा ग्रंथात तो ३८ वेळा येतो. जेरोमने लॅटिनमध्ये त्याचे जे भाषांतर केले त्यात पोकळपणाचा, निरर्थकतेचा भाव आला, आणि तिथून तो युरोपच्या बहुतेक भाषांत गेला. मराठीतही आपण ‘व्यर्थ’ असेच म्हणतो. पण वाफ व्यर्थ नसते. ती टिकत नाही, एवढेच. शिवाय हेवेल हे एका माणसाचेही नाव आहे. आदामाचा धाकटा मुलगा, जो भावाच्या हातून मारला गेला आणि ज्याला आपण हाबेल म्हणून ओळखतो, तो हाच. त्या परंपरेत पहिला मरणारा माणूस नावानेच श्वास होता.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. आपल्या परंपरेत देहाचे क्षणभंगुरत्व सांगितले जाते ते बहुधा देहाकडून दुसरीकडे नेण्यासाठी. देह जातो, आत्मा जात नाही. हा जन्म सरला तरी फेरा सरत नाही. म्हणून बुडबुड्याची उपमा ऐकणाऱ्याला पाण्याचा आधार असतो. जुन्या करारातील बहुतेक कवींना हा आधार नाही. मृत्यूनंतर आहे तो ‘शओल’, धुळीचा आणि शांततेचा अधोलोक, जिथून कोणी परतत नाही. मेलेले पुन्हा उठतील ही कल्पना स्पष्टपणे येते ती दानिएलाच्या ग्रंथात, फार उशिरा. ईयोब तर झाडाचा हेवा करतो. झाड तोडले तरी पाण्याच्या नुसत्या वासाने त्याला धुमारे फुटतात. माणूस मात्र एकदा आडवा झाला की संपला. तेव्हा या कवींच्या लेखी चार बोटे म्हणजे चारच बोटे. पाचवे बोट कुठे लपवलेले नाही.

इतके असूनही या काव्याचा सूर वैराग्याचा नाही, ही गोष्ट मला प्रथम चकित करून गेली. तो तक्रारीचा आहे, कधी भांडणाचा, कधी विनवणीचा. आणि नेहमी कोणाला तरी उद्देशून आहे. आठव्या स्तोत्राचा कवी रात्रीचे आकाश पाहून देवाला विचारतो, की एवढ्या पसाऱ्यात या माणसाची तू दखल घेतोस, असा कोण तो लागून गेला? प्रश्नात कौतुक आहे. ईयोब जवळजवळ त्याच शब्दांत तोच प्रश्न विचारतो, पण जखमांनी भरलेल्या अंगाने. एवढ्याशा प्राण्यावर तू डोळा ठेवून का बसला आहेस? मला आवंढा गिळण्यापुरती तरी उसंत दे! आयुष्य थोडे आहे ही सबब घेऊन माणूस इथे देवाशीच युक्तिवाद करतो. थोडके आहे, म्हणून तरी छळू नकोस.

याच ईयोबाच्या ग्रंथात मला माझ्या प्रश्नाची खरी गाठ सापडली. त्याचे मित्र त्याच्या समाचाराला येतात. सात दिवस ते त्याच्याबरोबर जमिनीवर मुकाट बसतात, आणि तोपर्यंत त्यांचे वागणे निर्दोष आहे. मग ते बोलू लागतात. अलीफज म्हणतो, माणसे मातीच्या घरात राहणारी, कसरीसारखी चिरडली जाणारी. बिल्दद म्हणतो, आपण कालचे, आपले दिवस म्हणजे पृथ्वीवरची सावली. विधाने खरी आहेत, उपमा सुंदर आहेत, आणि ईयोब स्वतःही पुढे सावलीचीच उपमा वापरतो. तरी ग्रंथाच्या शेवटी देव निवाडा देतो तो असा की, माझ्याविषयी नीट बोलला तो ईयोब, तुम्ही नव्हे. एकच सत्य, एकच उपमा. मग एकाचे बोलणे बरोबर आणि दुसऱ्याचे चूक, हे कसे?

माझा धाकटा भाऊ चौतिसाव्या वर्षी गेला. त्या दिवसांत भेटायला आलेल्या एका विद्वान गृहस्थांनी माझ्या वडिलांपुढे गीतेतील तो सर्वांना पाठ असलेला श्लोक म्हटला, आणि जन्मलेल्याला मरण कसे अटळ आहे हे शांतपणे उलगडून सांगितले. वडिलांनी सगळे ऐकून घेतले. गृहस्थ गेल्यावर ते म्हणाले, “खरं आहे ते. पण ते मी म्हणायचं होतं, त्यांनी नव्हे.” ईयोबाचा निवाडा मला कळला तो या वाक्याने. आयुष्य थोडे आहे हे माणसाने स्वतःच्या छातीवर हात ठेवून म्हणावे. दुसऱ्याच्या दुःखावर झाकण घालायला ते वापरले की सत्य असूनही ते निर्दय होते. गीतेतही तो श्लोक कोणी, कोणाला आणि कोणत्या वेळी सांगितला, हे विसरून तो ओसरीवर म्हणायचा नसतो.

मग दुसऱ्याच्या क्षणभंगुरतेचे आपण काही करूच नये काय? १०३वे स्तोत्र याला उत्तर देते. बाप मुलांवर माया करतो तशी देव माणसांवर करतो, आणि याचे कारण कवी असे देतो की माणसाचा घाट कसा घडला हे त्याला माहीत आहे, आपण धूळ आहोत याची त्याला आठवण आहे. म्हणजे दुसऱ्याचे धूळपण बोलून दाखवायचे नसते, लक्षात ठेवायचे असते. ते लक्षात राहिले की बोलणे आपोआप मवाळ होते, हिशेब सैल होतात. कर्जदार, सवत, वैरी, कचेरीतला उर्मट वरिष्ठ, यांच्याकडे चार बोटांच्या मापाने एकदा पाहून यावे. सगळा राग जाईल असे मी म्हणत नाही. पण त्याची धार तीच राहत नाही.

तरीही एक ठिकाण असे आहे जिथे ही उपमा मोठ्याने बोलून दाखवणे हेच धर्माचे काम ठरते. इसवी सनापूर्वी सहाव्या शतकात जेरुसलेम पडले आणि तिथले लोक बाबिलोनला नेले गेले. यशयाच्या ग्रंथाचा ४०वा अध्याय या हद्दपार लोकांना धीर देण्यासाठी आहे, आणि तिथेही गवतच आहे: सगळे मानव गवत. पण थोड्याच ओळींनंतर सरदार आणि सत्ताधीशही रोवता रोवता वाळून जातात, वावटळ त्यांना भुसासारखी नेते. १२९व्या स्तोत्रातील शापही असाच आहे. छळणारे धाब्यावरच्या गवतासारखे होवोत, जे वाढण्याआधीच सुकते आणि कापणाऱ्याची मूठही भरीत नाही. मराठवाड्यातील मातीच्या धाब्यांवर पावसाळ्यात उगवणारे गवत ज्यांनी पाहिले आहे त्यांना हा शाप नेमका कळेल. दुबळ्याला ‘तू गवत आहेस’ म्हणणे हा क्रूरपणा. पण त्याच्या शेजारी बसून ‘तुझा धनीही गवतच आहे’ म्हणणे हा दिलासा.

‘उपदेशक’ याच्याही पलीकडची एक गोष्ट सांगतो. सर्व वाफ आहे असे अडतीसदा म्हणणारा हा माणूस मधूनमधून थांबतो आणि सांगतो: आनंदाने जेव, स्वच्छ कपडे घाल, डोक्याला तेल लाव, जिच्यावर प्रेम आहे तिच्या संगतीत दिवस घालव, आणि हाताला लागेल ते काम जीव ओतून कर. ज्यूंच्या अनेक समाजांत हा ग्रंथ वाचला जातो तो सुगीच्या सणात. त्या सणात भक्कम घर सोडून, फांद्यांनी शाकारलेल्या खोपटात बसून जेवायचे असते. छपरातून आकाश दिसते. हा सण पौर्णिमेला सुरू होतो, आणि काही वर्षी ती आपली कोजागिरीच असते. टिकाऊ घराबाहेर येऊन, न टिकणाऱ्या छपराखाली आनंद करायचा, या चालीत त्या ग्रंथाचा सारा अर्थ आला आहे असे मला वाटते. आपल्या पणतीतले तेलही रात्रभर पुरत नाही, आणि म्हणून कोणी दिवाळी टाकीत नाही.

शेवटी ९०वे स्तोत्र. परंपरा ते मोशेच्या नावावर घालते. यात आयुष्याचा आकडा आहे: ७० वर्षे, ताकद असली तर ८०. त्या काळी ही सरासरी नव्हती. नशीबवानाची कमाल मर्यादा होती. स्वातंत्र्य मिळाले तेव्हा भारतातील सरासरी आयुर्मान ३२ वर्षांच्या आसपास होते. आज ते सत्तरीला टेकले आहे. ही लहान गोष्ट नाही. त्यात लाखो पाळणे रिकामे होण्यापासून वाचले आहेत. पण सत्तरी गाठलेल्या कोणालाही विचारा, वर्षे कशी गेली ते. तो ‘भुर्रकन’ असेच म्हणेल. ७० वर्षांचे दिवस होतात सुमारे साडेपंचवीस हजार. कवी देवाकडे मागतो ते हे दिवस वाढवून नव्हे. मोजायला शिकव, असे मागतो. कंजूष मोजतो तसे नाही. घरधनीण डब्यातले दाणे पाहून कोणाकोणाला पुरवायचे याचा अंदाज घेते, तसे. आणि स्तोत्राच्या अगदी शेवटी, एवढे सगळे वाळून गेल्यावर, तो आणखी एकच गोष्ट मागतो आणि तीही दोनदा: आमच्या हातांचे काम टिकव.

या मागणीचा विचार करताना मला पंडिता रमाबाई आठवतात. दुष्काळाने त्यांचे आईवडील आणि बहीण नेली, १८८० साली भाऊ गेला, १८८२ साली पती, आणि १९२१ साली एकुलती एक मुलगी मनोरमा. या काळात त्या केडगावच्या मुक्तिसदनात बसून हिब्रू आणि ग्रीक मुळांवरून बायबल मराठीत आणीत होत्या. साध्या, कमी शिकलेल्या बायकांना वाचता यावे असे मराठी त्यांना हवे होते. १९२२च्या एप्रिलमध्ये त्या गेल्या. संपूर्ण बायबल छापून निघाले ते १९२४ साली. गवताची, वाफेची, चार बोटांची ही सगळी कवने त्यांच्या हाताखालून गेली. ती लिहिताना त्यांच्या मनात काय आले असेल याचा तर्क मी करणार नाही. त्यांच्या घरी जाऊन आयुष्य थोडे असते हे सांगण्याचा अधिकार कोणालाच नव्हता. त्यांना तो होता, आणि त्यांनी त्याचा उपयोग ओळीमागून ओळ नीट लावण्याकडे केला.

आयुष्य थोडे आहे या ज्ञानाचे करायचे काय, याचे मला मिळालेले उत्तर एवढेच आहे. स्वतःविषयी ते मोठ्याने म्हणावे, हवे तर भांडून म्हणावे. जुलमी माणसाच्या बाबतीत निर्भयपणे म्हणावे. दुखावलेल्याच्या बाबतीत ते मनात ठेवून गप्प त्याच्या शेजारी बसावे, ईयोबाचे मित्र पहिले सात दिवस बसले होते तसे. आणि मग उठून हातातले काम पुढे न्यावे. ते टिकेल की नाही, हे त्या कवीलाही माहीत नव्हते. म्हणून तर त्याला ते दोनदा मागावे लागले.