बिऱ्हाडकरूला ‘जा’ म्हणावे काय?



द्वारकेत एकदा दुर्वास ऋषी आले. वर्ण हिरवट पिंगट, अंगावर वल्कले, हातात बेलाचा दंड, दाढी लांब. चौकाचौकांत उभे राहून ते विचारीत, ‘या दुर्वासाला घरी ठेवून घेणारा कोणी आहे काय? थोडेसे चुकले तरी मी रागावतो, हे आधीच सांगून ठेवतो.’ अशा पाहुण्याला दार कोण उघडणार? कोणी उघडले नाही. भगवान श्रीकृष्णांनी मात्र त्यांना आपल्या वाड्यात ठेवून घेतले. ही कथा महाभारताच्या अनुशासनपर्वात आहे, आणि ती स्वतः श्रीकृष्णच आपल्या मुलाला, प्रद्युम्नाला, सांगतात.

मग वाड्यात काय काय घडले? ऋषी कधी हजारांचे अन्न एकटे खात, कधी दोन घास खाऊन बाहेर पडत ते परततच नसत. कारण नसता हसत, कारण नसता रडत. एके दिवशी त्यांनी आपल्या दालनातले पलंग आणि अंथरुणे जाळून टाकली व निघून गेले. परत आले ते ‘आत्ताच्या आत्ता पायस पाहिजे’ म्हणत. देवांनी ते आधीच करून ठेवले होते. खाऊन उरलेले उष्टे पायस त्यांनी देवांना सर्वांगास फासायला लावले, रुक्मिणीमातेलाही फासले, आणि मातेला रथास जुंपून चाबूक मारीत भर राजरस्त्याने हाकलली! माता ठेचकाळू लागली तेव्हा रथातून उतरून रागारागाने दक्षिणेकडे धावत सुटले. देव तसेच पायसाने माखलेले त्यांच्या मागून धावले. शेवटी ऋषी प्रसन्न झाले. जळलेले सारे पुन्हा जसेच्या तसे झाले. एवढेच म्हणाले की, ‘पायांच्या तळव्यांना पायस लावले नाहीस, हे मला आवडले नाही.’ पुढे व्याधाचा बाण कोठे लागला, हे वाचकांना सांगणे नको.

ही कथा कीर्तनात रंगते. श्रोते हसतात, मग डोळे पुसतात. परंतु घरी गेल्यावर काही सज्जन या कथेतून भलतेच काढतात, म्हणून हा लेख.

कर्नाळ्याच्या पायथ्याच्या एका गावी सप्ताहात हरिपाठ झाल्यावर एक माळकरी गृहस्थ आमच्यापाशी येऊन बसले. पनवेलहून गोव्याच्या रस्त्याला लागले की पळस्पे, शिरढोण ही गावे लागतात आणि पुढे कर्नाळ्याची खिंड. शिरढोण म्हणजे आद्य क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके यांचे जन्मगाव. ते १८४५ साली तेथे जन्मले. वर किल्ल्याचा तो सुळका अंगठ्यासारखा उभा, त्याच्या कड्याला मधमाशांची पोळी. डोंगराभोवतीच्या रानात १९६८ सालापासून पक्ष्यांचे अभयारण्य आहे. हिवाळ्यात दूरदेशचे पक्षी तेथे उतरतात आणि ऊन तापू लागले की आपण होऊन निघून जातात. त्यांना कोणी ‘निघा’ म्हणावे लागत नाही. माणसांचे तसे नाही.

या गृहस्थांनी घराच्या मागल्या अंगाला दोन खोल्या बांधल्या आहेत. त्यांतली एक कारखान्यात काम करणाऱ्या एकट्या माणसाला दिलेली. पहिले सहा महिने बरे गेले. पुढे तो रात्री पिऊन येऊ लागला. दार बडवायचे, आरडाओरड करायची, भाडे दोन-दोन महिने द्यायचे नाही, नळ उघडा टाकून निजायचे. घरात ऐंशीच्या पुढची म्हातारी आई. तिची झोप गेली. सुनेने एकदा नळ बंद करा म्हणून सांगितले, तर तिला नको नको ते बोलला. गृहस्थ म्हणाले, ‘‘बुवा, गळ्यात माळ आहे. त्याला घालवला तर तो जाईल कुठं? त्याचं इकडं कोणी नाही. आणि माऊलींनी तर खळाचा नाशसुद्धा मागितला नाही, वाकडेपणा जावा एवढंच मागितलं. मग मी कोण याला काढणारा?’’

प्रश्न खरा होता. जे दुष्टपणाने भाडेकऱ्याला छळतात, अधिक भाडे मिळावे म्हणून गरिबाची भांडी रस्त्यावर टाकतात, त्यांना असा प्रश्न पडतच नाही. ज्याला पडतो त्याचे अंतःकरण ओले आहे, हे प्रथम ध्यानात घ्यावे.

आम्ही त्यांना विचारले, ‘‘सूनबाई काय म्हणते?’’ ते गप्प बसले. मग म्हणाले, ‘‘तिला विचारलं नाही.’’

येथेच सारी गोम आहे. नाथमहाराजांची गोष्ट आपण नेहमी सांगतो: गोदावरीचे स्नान करून ते येत आणि तो यवन अंगावर थुंके, महाराज पुन्हा स्नानाला जात, असे एकशे आठ वेळा झाले. पण तो थुंकला कोणावर? नाथांवर. ते सोसणे नाथांचे होते, दुसऱ्या कोणाच्या अंगावरचे नव्हते. सहनशीलता ही ज्याची त्याने आपल्या देहाने करावयाची वस्तू आहे. आपण मोठ्या मनाचे म्हणवून घ्यायचे आणि शिव्या सुनेने खायच्या, जागरण आईने करायचे, ही क्षमा कोणत्या शास्त्रात बसते? द्वारकेच्या कथेतही हेच पाहावे. रथाला जुंपली गेली ती रुक्मिणी. ऋषींनी तिला निराळा वर दिला. देवांच्या वरात तो गुंडाळला नाही. ती जगन्माता होती, तिने आपखुशीने ते पत्करले. आपल्या घरची रुक्मिणी कबूल आहे काय, हे विचारल्याशिवाय तिला रथाला जुंपण्याचा अधिकार गृहस्थाला नाही. आणि दुर्वासांनी निदान दारातच सांगितले होते की मी रागीट आहे. या बिऱ्हाडकरूने ते सांगितले नव्हते!

राहिली माऊलींची गोष्ट. पसायदानात खळांचे वाकडेपण जावे असे मागणे आहे, हे खरे. पण वाकडेपणाला मोकळे रान द्यावे असे मागणे कोठे आहे? ज्या खोलीत पिऊन येता येते, ओरडता येते, भाडे बुडवता येते आणि कोणी एक शब्द बोलत नाही, ती खोली त्या माणसाचे वाकडेपण पोसते. आपण गप्प राहतो ते बहुधा दयेने नव्हे, तोंड वाईट व्हायला नको म्हणून.

आता अतिथी आणि बिऱ्हाडकरू हा भेद. अतिथी या शब्दाचा एक अर्थ ज्याला तिथी नाही तो. मनूने तर एक रात्र राहणारा तोच अतिथी, अशी मर्यादाच घातली. बिऱ्हाडकरूला मात्र तिथी आहे. महिन्याची अमुक तारीख, अमुक भाडे, अमुक मुदत. तेथे धर्म आहेच, पण तो कराराचा धर्म आहे आणि दोन्ही बाजूंनी पाळावयाचा आहे. कौटिल्याचे अर्थशास्त्र १९०९ साली म्हैसूरला प्रथम छापले गेले. त्याच्या तिसऱ्या अधिकरणात घरांविषयीचे नियम आहेत. ‘राहू नको’ असे मालकाने सांगूनही जो राहतो त्याला बारा पण दंड. आणि भाडे भरणाऱ्याला जो मालक घालवून देतो त्यालाही तोच बारा पण दंड. तराजू किती सारखा धरला आहे पाहा. मात्र मालकाला अपवाद दिले आहेत: बिऱ्हाडकरूकडून पारुष्य, चोरी, जबरदस्ती, स्त्रीविषयक अपराध किंवा खोटा भोगवटा घडला, तर त्याला घालवण्यात मालकाचा दोष नाही. पारुष्य हे हाताचे असते तसे वाणीचेही असते. सुनेला बोलला ते याच सदरात येते. आजचा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चा. त्यातही शेजाऱ्यापाजाऱ्यांना उपद्रव देणे हे जागा परत मागण्याचे एक कारण मानले आहे.

आणि आपल्या संप्रदायाचे मूळ तर याहून स्पष्ट बोलते. पुंडलिकाच्या दारी प्रत्यक्ष परमात्मा आला. पुंडलिक आई-बापांच्या सेवेत होता. त्याने देवाला हाकलले नाही, पण सेवा टाकून आतही घेतले नाही. वीट पुढे केली आणि थांबायला सांगितले. घरातल्या म्हाताऱ्या माणसांची सेवा आधी, पाहुणा मग, मग तो पाहुणा वैकुंठीचा का असेना. ज्या घरी ऐंशी वर्षांच्या आईची झोप बिऱ्हाडकरूपायी जाते, त्या घरच्या वारकऱ्याने पुंडलिकाचे नाव घेताना जरा थबकावे. देवाला ‘बाहेर थांब’ म्हणणे जर पाप ठरले नाही, तर माणसाला दुसरी जागा पाहा म्हणणे कसे ठरेल?

तेव्हा ‘जा’ म्हणावे, असे आम्ही त्यांना स्पष्ट सांगितले. पण कसे म्हणावे याला त्याहून अधिक वेळ लागला, कारण माळेची कसोटी तेथे लागते. आपणही वर्षातून एकदा बिऱ्हाडकरूच असतो. आषाढीला वाटेवरच्या गावी अनोळखी ओटीवर वळकटी टाकतो, कोणाच्या तरी विहिरीचे पाणी पितो. ज्याला दुसऱ्याच्या ओटीवरची रात्र ठाऊक आहे त्याने निष्ठुर शब्द वापरू नये.

पहिले म्हणजे रात्री बोलू नये. प्यालेल्या माणसाशी बोलणे म्हणजे कर्नाळ्याच्या सुळक्याखाली धूर करणे. माशा उठल्या की ज्याने धूर केला तो आणि जो नुसता बसला होता तो, दोघेही पळतात. सुटीच्या दिवशी सकाळी, चहा पुढे ठेवून, घरातल्या आणखी एका वडीलधाऱ्याला जवळ घेऊन बोलावे. काय झाले ते नेमके सांगावे: अमक्या रात्री असे, सुनेला असे. ‘तू वाईट आहेस’ असे म्हणू नये. तो दारू सोडायला तयार असेल तर त्याला बरोबर घेऊन डॉक्टरांकडे जावे, भजनाला बोलवावे. एक महिना पाहावा. पण सुनेला पुन्हा एक शब्द बोलला तर तो महिना तेथेच संपला, हेही त्याच वेळी सांगावे. धाकाची गोष्ट असेल, कोणाच्या अंगावर हात जाण्याची भीती असेल, तर महिना-बिहिना काही नाही, सरळ पोलिसांत जावे. तेथे दया दाखवणारा पुढे पस्तावतो.

दुसरे, पाणी तोडणे, दिवा तोडणे, कुलूप घालणे हे प्रकार मुळीच करू नयेत. कायद्याने ते मना आहेच, शिवाय तहानलेल्याचे पाणी तोडून पंढरीला जाणाऱ्याला चंद्रभागा काय म्हणेल? लेखी कळवावे, मुदत द्यावी. करारच कागदावर नव्हता, असे या गृहस्थांच्या बाबतीत निघाले. हे आपल्याकडे फार चालते. तोंडी देणे, तोंडी घेणे. पुढच्या वेळी करार लेखी करून नोंदवावा. ते काम कायद्याने मालकाचेच आहे.

तिसरे, दिवस पाहावेत. श्रावण चालू होता, आणि कर्नाळ्याचा पाऊस ज्याने पाहिला आहे त्याला तो सांगायला नको. चातुर्मासात भ्रमण करणारा संन्यासीसुद्धा एका जागी राहतो. भर पावसात एकट्या माणसाचे बिऱ्हाड उठवू नये. धाक नसेल तर कार्तिकी एकादशीपर्यंतची मुदत घालावी, आणि तोवर त्याच्यासाठी दुसरी खोली आपणही शोधावी. मात्र तेथल्या मालकाला खरे ते सांगावे. आपले दुखणे गुपचूप शेजाऱ्याच्या घरात टाकणे हा शुद्ध कपट आहे.

सून आतून ऐकत होती. ती बाहेर येऊन म्हणाली, ‘‘कार्तिकीपर्यंत चालेल बुवा. पण नळाचं त्यांनी सांगायचं, मी नाही सांगणार.’’ हे तिने ठरवले, ते योग्यच ठरवले.

उठता उठता गृहस्थांनी आणखी एक विचारले. त्या बिऱ्हाडकरूने खोलीपुढे आपल्या पैशाने पत्र्याची पडवी केली आहे. थकलेले भाडे वजा करून अनामत परत देऊ, पण पत्रे कोणाचे? नारदस्मृतीत याचा निकाल आहे. दुसऱ्याच्या जागेवर भाडे देऊन ज्याने घर उभारले, त्याने जाताना आपले गवत, लाकूड, विटा घेऊन जावे. हा मनुष्य रखडत का होईना, भाडे भरत आला होता. पत्रे त्याचे. ते काढायला दोन माणसे लागतील, ती मालकाने द्यावीत.