अभिधा, लक्षणा आणि पंगत

वर्धा परिसरातील वाचकाला धर्मग्रंथाचे ‘सार’ काढण्याची रीत परिचित आहे. पवनारच्या विनोबांनी ‘ख्रिस्तधर्म-सार’ही सिद्ध केले. वचने निवडावीत, त्यांचे मनन करावे, ही ती रीत. कॅथलिक मिस्सा मात्र या रीतीत बसत नाही. तेथे वचन ऐकून भागत नाही, भाकर खावी लागते. आणि खाण्याचे सार काढता येत नाही.

अखेरच्या भोजनात येशूने भाकरीला आपले शरीर म्हटले. हे विधान अभिधेने घ्यावे की लक्षणेने? १५२९ साली मारबुर्ग येथे ल्यूथर आणि झ्विंग्ली यांचे फिसकटले ते याच प्रश्नावर. झ्विंग्लीच्या मते येथे ‘आहे’ म्हणजे ‘सूचित करते’. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५५१ मध्ये कॅथलिक भूमिका निश्चित केली : भाकरीचे रूप, रंग, चव राहतात, तिचे मूलद्रव्य पालटते.

लक्षणेसाठी मुख्यार्थाचा बाध व्हावा लागतो. गंगेवरील गौळवाडा म्हटले की आपण तीर समजतो, कारण प्रवाहावर वस्ती होत नाही हे आपल्याला ठाऊक असते. पण भाकर देह होऊ शकत नाही, हे आधीच ठाऊक असल्याचा दावा कोणी करावयाचा? योहानाच्या सहाव्या अध्यायात आपला देह खाण्याविषयीचे येशूचे बोलणे ऐकून कित्येक शिष्य त्याला सोडून जातात. आपण रूपकाने बोललो, असे सांगून तो त्यांना परत बोलावीत नाही. कॅथलिक पक्षाचा आधार हाच. प्रतिपक्ष त्याच अध्यायातील, आत्म्याला देहाहून श्रेष्ठ ठरविणाऱ्या वचनाकडे बोट दाखवितो. तेव्हा बाध झाला की नाही, याचा निर्णय वाचणारी परंपरा करते. ‘केवळ ग्रंथ प्रमाण’ म्हणणाऱ्यालाही अशी परंपरा असतेच.

मात्र अर्थनिर्णयाचा अधिकार घेतला की त्याचे उत्तरदायित्वही येते. करिंथकरांच्या सभेत कोणी उपाशी राहतो, कोणी झिंगतो, हे पाहून पौल त्यांना बजावतो, की हे प्रभूचे भोजनच नव्हे. वाच्यार्थाची कसोटी तो पंगतीत लावतो. वर्ध्याचे लक्ष्मीनारायण मंदिर १९२८ मध्ये अस्पृश्यांना खुले झाले. दक्षिणेतील काही कॅथलिक दफनभूमींत मात्र त्यानंतरही जातीची भिंत उभी राहिली. भाकरीला प्रतीक मानणारा, प्रतीकाचा अवमान झाला एवढे म्हणून कदाचित सुटेल. जो तिला देह मानतो त्याला ही पळवाट नाही. पंगतीत भेद केला की त्याच्या स्वतःच्या श्रद्धेनुसार दुभंगतो तो ख्रिस्ताचा देह.